टायगर्सचा गोंधळ २०२४: एक स्कूबल आणि बाकी सगळी उसनवारी

नोव्हीचा_वाघ
२९ नोव्हेंबर २०२४

थँक्सगिव्हिंगची सुट्टी, बाहेर थंडी मी म्हणतेय, कालचं उरलेलं चेपून घरातले सगळे आडवे झालेत, म्हटलं आता लिहूनच टाकू, दीड महिना पोटात धरून बसलोय. इथे क्रिकेटचे धागे पाचशे प्रतिसादांवर जातात आणि बेसबॉलचं नाव काढलं की "म्हणजे विटीदांडूच ना" म्हणत एक जण हमखास उगवतो. त्याने याही वेळी यावं, चहा ठेवलाय.

मुद्दा डेट्रॉईट टायगर्स या आपल्या बेसबॉल टीमच्या पिचिंगचा, म्हणजे बॉल टाकण्याचा. बॅटिंगबद्दल मी बोलणार नाही, बोलण्यासारखं फार नव्हतंही.

३० जुलैला टीमने जॅक फ्लॅहर्टी डॉजर्सना देऊन टाकला. तारिक स्कूबल हा आपला एक नंबरचा पिचर, त्याच्यानंतरचा हा दोन नंबरचा, २.९५ चा ईआरए (म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी तीन रनसुद्धा नाहीत), आणि त्याच्या बदल्यात दोन पोरं. मी बायकोला म्हटलं, दुकान बंद, आता सप्टेंबरमध्ये गणपतीची तयारी निवांत करू. बाकीचे पिचर म्हणाल तर मिझचा हॅमस्ट्रिंग गेलेला, ओल्सनचा खांदा धरलेला, माएदाला दोन वर्षांचे २ कोटी ४० लाख डॉलर देऊन आणलेला त्याची धुलाई बघवत नव्हती. १० ऑगस्टला आपण ५५ जिंकलेल्या, ६३ हरलेल्या. प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) शक्यता मांडणारे लोक तेव्हा ०.२ टक्के सांगत होते, म्हणजे नाहीच म्हणायचं पण तोंडावर कसं म्हणायचं असा आकडा.

आणि मग ३१-१३. चव्वेचाळीस मॅचमध्ये एकतीस! कशाच्या जिवावर, तर आठवड्यातले बहुतेक दिवस स्टार्टिंग पिचरच नाही (म्हणजे मॅच सुरू करून लांबपर्यंत टाकणारा) या पद्धतीवर. मॅनेजर ए. जे. हिंचला पत्रकार विचारायचे उद्या कोण टाकणार, तर हा बाबा सांगायचा 'पिचिंग केऑस'. आमच्या घरात त्याचं लगेच बारसं झालं, गोंधळ. आणि हा शब्द किती फिट्ट बसतो बघा, कारण आपल्याकडे गोंधळ म्हणजे नुसता सावळा गोंधळ नाही, तो रीतसर घालतात, चौक मांडून, दिवटी पेटवून, संबळ वाजवून, आणि गोंधळी एकेका गावच्या देवाला हाक मारतो, अमक्या ठिकाणची आई गोंधळाला ये, तमक्या डोंगरावरचा देव गोंधळाला ये. हिंच तेच करत होता. अॅरिझोनाने सोडलेल्या होल्टना, गोंधळाला ये. नव्या पोरांच्या निवडीत पार सत्ताविसाव्या फेरीत उचललेल्या ब्रिस्की, गोंधळाला ये. टोलीडोच्या हर्टरा, मॅडना, गोंधळाला या (टोलीडो म्हणजे आमची खालची टीम, आय-७५ हायवेवरून तासाभरात). कोणी तीन आऊट काढायचे, कोणी सात, कोणी इनिंगचा शेवटचा एक डावखुरा बॅटर घालवून परत डगआऊटमध्ये सूर्यफुलाच्या बिया चावत.

सप्टेंबरमधली एक मॅच कोमेरिका पार्कला बसून पाहिली. शेजारी एक पिकल्या केसांचा माणूस, मांडीवर स्कोअरकार्ड, हातात पेन्सिल, अगदी जुन्या वळणाचा. त्या कागदावर पिचरच्या नावांसाठी छापलेल्या ओळी असतात मोजक्याच. सातव्या इनिंगपर्यंत त्या संपल्या. लेफ्ट फील्डच्या कुंपणामागे बुलपेनचं (बदली पिचर हात गरम करतात ती जागा) दार परत उघडलं, परत एक जण धावत यायला लागला, म्हाताऱ्याने दाराकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि पुढचं नाव समासात उभं लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ह्याचं नाव काय? मलाही येत नव्हतं. आम्ही दोघं हसलो. ते नाव हनिफी होतं, नंतर पाठ झालं.

आणि मग पाचव्या दिवशी स्कूबल. त्या दिवशी स्टेडियमचा आवाजच वेगळा. १८ जिंकल्या, ४ हरल्या, २.३९ ईआरए, २२८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर घालवलेले बॅटर), तिन्हीत लीगमध्ये पहिला, आणि गेल्या आठवड्यात साय यंग (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान), एकही पहिलं मत इकडेतिकडे न जाता. ९७ मैलांचा फास्टबॉल डोळ्यासमोर असताना त्याच हाताच्या फेकीतून चेंजअप (तसाच दिसणारा पण हळू बॉल) येतो तेव्हा बॅटरची जी अवस्था होते ती म्हणजे अंधारात जिन्याला आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी. चार दिवस चिल्लर मोजायची आणि पाचव्या दिवशी एकच कडक नोट, असा सगळा हिशोब.

२७ सप्टेंबरला प्लेऑफ पक्का झाला, २०१४ नंतर पहिल्यांदा, आणि कोणाला हरवून, तर व्हाईट सॉक्सना, त्यांची त्या सीझनची १२१वी हार, आधुनिक काळातला विक्रम. एकाच मॅचमध्ये एका टीमचं लग्न आणि दुसऱ्या टीमचा दहावा. मग सर्वपित्री अमावास्येला ह्यूस्टन गारद, त्यांच्याच अंगणात, हिंचच्या जुन्या घरात. त्यांना सलग सात वर्षं लीगच्या फायनलची सवय होती, मोडली.

क्लीव्हलंडची सिरीज बरोब्बर नवरात्रात. गोंधळ नवरात्रातच. २-२ झाल्यावर पाचवी मॅच १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, आणि बॉल स्कूबलच्या हातात. आमच्याकडे वीस माणसं, श्रीखंड, पुऱ्या, टीव्हीसमोर आपट्याच्या पानांचा ढीग (खरी नाहीत, कागद कापलेला, आपटा कुठून आणणार). १-० पुढे होतो. पाचवी इनिंग, बेस भरलेले, होझे रामिरेझच्या अंगावर बॉल, फुकटची रन, १-१. पुढच्याच बॉलवर लेन थॉमसचा ग्रँड स्लॅम (भरलेल्या बेसवर होमरन, चार रन). पुरी तळणारी बायको स्वयंपाकघरातून विचारतेय काय झालं, कोणी उत्तर देईना. ७-३ हरलो. सोनं कसलं लुटतोय, लुटले गेलो.

तर माझं म्हणणं एवढंच की जो मॅनेजर महिनाभर कोणावरही पाच-सहा बॅटरच्या वर विश्वास ठेवत नव्हता, त्याने ज्या एका माणसावर डोळे झाकून ठेवला तिथेच आपण गेलो. आणि तरीही मी असतो तर मीही स्कूबलला काढला नसता. ह्याच्यावर बोला.

विटीदांडू_संघटना
२९ नोव्हेंबर २०२४

आलो. चहा कुठाय.

गंमत बाजूला, प्रामाणिक शंका. एका इनिंगनंतर बदलायचं तर मग तो स्टार्टर कसला? आणि क्रिकेटमध्ये पण बॉलर बदलतातच की, बुमराहला दोन ओव्हर देऊन काढतात, त्याला कोणी गोंधळ म्हणत नाही.

आकडेमोड
२९ नोव्हेंबर २०२४

@विटीदांडू, फरक इथेच आहे. बुमराहला काढला तर डेथला परत आणता येतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला माणूस त्या मॅचपुरता गेला. म्हणजे कॅप्टनने प्रत्येक बदल करताना एक पत्ता कायमचा टाकायचा. वर २०२० पासून नियम असा की आलेल्या पिचरने कमीत कमी तीन बॅटर खेळायचे किंवा ती इनिंग संपवायची, एका डावखुऱ्यासाठी एक माणूस आणून लगेच दुसरा हा जुना चाळा बंद. आणि २६ जणांत जास्तीत जास्त १३ पिचर. आज सहा वापरले तर उद्या उरलेल्यांच्यात भागवा, परवा आजच्यांचे हात दुखणार. त्यामुळे हिंच जे करत होता तो दिसायला गोंधळ, पण आत वाण्याच्या वहीइतकं पक्कं गणित.

एका इनिंगवाल्याला ओपनर म्हणतात. कारण साधं आहे, पहिल्या इनिंगला समोरच्यांचे सगळ्यात चांगले बॅटर ठरलेल्या क्रमाने येणारच, ही एकच इनिंग अशी की कोण येणार हे आधी माहीत असतं. तर त्यांच्यासाठी आपला चांगला रिलीव्हर (मधे येणारा बदली पिचर) आधीच वापरायचा, मग लांब पल्ल्याचा पोरगा आणायचा, त्याची सुरुवात मधल्या फळीपासून. टॅम्पाने २०१८ ला हे रीतसर सुरू केलं.

होल्टनचे आकडे बघा, ६६ मॅच, त्यात ९ वेळा सुरुवातीला आलेला, ८ वेळा मॅच संपवून सेव्ह (थोडक्यातली आघाडी राखल्याची नोंद) घेतलेला, ९४ इनिंग, ईआरए २.१९. लग्नात जो माणूस सकाळी मांडवाला दोऱ्या बांधतो आणि रात्री आहेराची यादी लिहितो तो हा. साय यंग स्कूबलला दिलं ते योग्यच, पण टायगर्सच्या सीझनचा माणूस होल्टन.

नोव्हीच्या वाघाच्या एका वाक्याला आक्षेप. "स्टार्टिंग पिचरच नाही" हे अर्धसत्य. गणपतीच्या दिवसांत, १० सप्टेंबरला, आपल्याच मोंटेरोने कोलोराडोला एकट्याने नऊ इनिंग टाकल्या, ९६ बॉल, ११-०, आणि २७ आऊट काढायला बरोब्बर २७ बॅटर. तीन हिट बसले ते सगळे डबल प्लेमध्ये (एका फटक्यात दोन आऊट) पुसले. गोंधळात मधेच एखादा बडा ख्याल झाला असं समजा.

वॉरेनचे_काका
३० नोव्हेंबर २०२४

सर्वांना नमस्कार. मी १९८३ च्या हिवाळ्यात मिशिगनला आलो आणि लगेच ८४ चा सीझन पदरात पडला. सुरुवातीच्या ४० पैकी ३५ जिंकलेल्या. चौथ्याच मॅचला आपल्या जॅक मॉरिसचा नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट नाही). वर्ल्ड सिरीजमध्ये मॉरिसने दोन मॅच टाकल्या, दोन्ही पहिल्या बॉलपासून शेवटच्यापर्यंत. तुमच्या या होल्टनची ९४ इनिंग म्हणजे मॉरिसचा उन्हाळ्यापर्यंतचा फराळ.

मी हे सगळं सप्टेंबरमध्ये पाहिलं, जिंकत होते म्हणून टाळ्याही वाजवल्या, पण मन लागलं नाही. पिचर म्हणजे आठव्या इनिंगला घाम गाळत, ताकद संपलेली, फक्त डोकं चालू, समोर तोच बॅटर चौथ्यांदा, आता दोघांनाही एकमेकांचं सगळं माहीत. ते नाट्य गेलं. आता सगळे ताजेतवाने येतात, ९७ ने फेकतात, जातात. नाव विचारावं तर शेजाऱ्यालाही माहीत नाही असं तुम्हीच लिहिलंय.

२ जून २०१० ला मी कोमेरिकाला होतो. आपल्या गलारागाने सव्वीस बॅटर सलग काढले, सत्ताविसाव्याला पहिल्या बेसवर सरळ आऊट असताना अंपायर जिम जॉइसने सेफ दिला. परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर जाऊ न देता सत्तावीस आऊट) गेला. आणि गलारागा नुसता हसला हो. चिडला नाही, काही नाही, परत माऊंडवर जाऊन पुढच्याला काढून मॅच संपवली. दुसऱ्या दिवशी लाइनअपचं कार्ड त्यानेच जॉइसच्या हातात नेऊन दिलं आणि जॉइस डोळे पुसत होता. सहा जणांनी मिळून टाकलेल्या मॅचमध्ये हे होणार आहे का? कोण हसणार, सहावा?

रंकाळा_ते_ईरी
३० नोव्हेंबर २०२४

काका ती २०१० ची मॅच आमच्याविरुद्धच होती, आमच्या बॅटरला सेफ दिलेलं, त्याबद्दल क्लीव्हलंडच्या वतीनं माफी, चौदा वर्सं उशीर झाला.

बाकी भावा वाघा, लै भारी लिवलंयस, वाचून लै बरं वाटलं, विशेषतः शेवटचा भाग. मी त्या दिवशी तिथंच होतो, थॉमसनं मारला तेव्हा माझ्या हातातला हॉट डॉग पुढच्या ओळीतल्या बाईच्या टोपीवर. ती पण रागवली नाही, मिठी मारली.

दोन गोष्टी सांगतो. एक, तुमचा गोंधळ पहिल्याच मॅचला आमी फोडला. होल्टनच ओपनर आलेला ना? एक आऊट न काढता परत गेला, ओल्सन आला, त्याला थॉमसनं तीन रनचा ठोकला, पाच रन झाल्या तरी आमचा एक बी आऊट न्हाई. ७-०. दोन, दुसऱ्या मॅचला आमच्या शेवटी येणाऱ्या क्लासेला तुमच्या कारपेंटरनं नवव्या इनिंगला होमरन मारला तेव्हा मी दोन दिवस जेवलो न्हाई, अख्ख्या सीझनला त्याच्या नावावर पाचच अर्न्ड रन (फील्डरच्या चुकीच्या धरत न्हाईत) आणि एका फटक्यात तीन. म्हणजे बघ, दोन्हीकडं तेच झालं. ज्याच्यावर डोळे झाकून भरवसा, त्यालाच फटका. तुमचा स्कूबल, आमचा क्लासे.

नवरात्रात अंबाबाई कोणाच्या बाजूनं होती ते मात्र कळलं.

नोव्हीचा_वाघ
३० नोव्हेंबर २०२४

@रंकाळा, टोपीवाल्या बाईला माझ्यातर्फे आणखी एक हॉट डॉग.

@काका, तुमच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही पण ८४ चाच दाखला देतो. त्या वर्षी साय यंग कोणाला मिळालं आणि एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) कोणाला? दोन्ही विली हर्नांडेझला. रिलीव्हर! मॉरिसला नाही. ३३ पैकी ३२ सेव्ह. म्हणजे तुमच्या सुवर्णकाळातही मांडव शेवटी येणाऱ्या माणसानेच सांभाळला.

आणि सामुदायिक नाट्य नसतं असं कसं म्हणता, ८ जुलै २०२३ ला टोरंटोविरुद्ध मॅनिंग, फोली, लँग तिघांनी मिळून नो-हिटर टाकला, मी घरी टीव्हीसमोर होतो, तिसरा येताना माझे हात गार पडले होते. एकट्याची मॅच असती तर निदान माहीत असतं की आज ह्याचा दिवस आहे. नवीन माणसाचा दिवस आहे का नाही हे पहिल्या बॉलपर्यंत कळतच नाही, ती भीती जास्त.

वॉरेनचे_काका
३० नोव्हेंबर २०२४

हर्नांडेझ हा माझ्या वर्मावर घाव आहे. पण तो दोन-दोन, तीन-तीन इनिंग टाकायचा, तुमच्यासारखा चार बॅटरचा पाहुणा नव्हता.

कँटनची_आई
१ डिसेंबर २०२४

मला आकड्यांतलं फार कळत नाही, पण गेली तीन वर्षं मी पिचरची आई आहे, त्या नात्याने लिहिते.

मुलगा बारा वर्षांचा. त्यांच्या लिटल लीगमध्ये दिवसाला ८५ च्या वर बॉल टाकता येत नाहीत, आणि ६६ च्या वर गेला की चार दिवस हात लावायचा नाही. डगआऊटजवळ एक काकू क्लिकर घेऊन बसलेल्या असतात, प्रत्येक बॉलला टक. गेल्या उन्हाळ्यात ह्याचे ८५ होत आले आणि एकच आऊट बाकी होता, समोर त्याचा शाळेतला मित्र बॅटिंगला, आणि ह्याला तोच आऊट पाहिजे होता. चालू बॅटर पूर्ण करता येतो, तो केला, बॉल फोर झाला (चार बॉल बाहेर, बॅटर फुकट बेसवर), आणि मग कोच आले आणि बॉल मागितला. पोराने बॉल दिला पण सोडेचना, दोघांचा हात बॉलवर, असं एक-दोन सेकंद. गाडीत घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी मागे आरशात बघत होते, कोपर चोळत होता. म्हणजे दुखत होतं आणि तरी त्याला टाकायचं होतं.

म्हणून काका, तुमचं ते आठव्या इनिंगचं नाट्य वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. स्कूबलचंच बघा, कॉलेजात असताना टॉमी जॉन (कोपराचं मोठं ऑपरेशन) झालं, २०२२ च्या ऑगस्टमध्ये परत कोपराजवळचं ऑपरेशन, जवळजवळ वर्षभर घरी. नवव्या फेरीत निवडलेला मुलगा, दोनदा हात उघडून शिवलेला, तो आज हे करतोय. त्याला जपलं म्हणून तो ऑक्टोबरमध्ये उभा होता, आणि त्याला जपता आलं कारण बाकीच्या आठ-दहा जणांनी मधले दिवस वाटून घेतले. मला तरी हा गोंधळ घरातल्या कामासारखाच वाटला, एकट्या बाईवर सगळं टाकलं की ती आडवी होते, वाटून घेतलं की सणसुद्धा निभतो.

(आता स्वयंपाकघरात बटाट्यावर चेंजअपची पकड शिकणं चालू आहे. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल, बाकीची तीन बोटं बटाट्यावर. भाजीला दोन बटाटे कमी पडले काल.)

पहाटपक्षी_पुणे
१ डिसेंबर २०२४

कँटनची आई, बटाटा जबरी.

मी मिशिगनला चार वर्षं होतो, परत येऊन सहा झाली, खोड जात नाही. डेट्रॉईटची संध्याकाळची मॅच म्हणजे इथे पहाटे ४:१०. दूध येतं तिसऱ्या इनिंगला, पेपर सहाव्याला. सप्टेंबरमध्ये आमच्या मातोश्री पण माझ्याबरोबर बसायला लागल्या, त्यांना नियम शून्य, पण पिचर बदलला की म्हणायच्या, "आला गं बाई नवीन, ह्याला तरी जमू दे." आणि जमायचं! दसऱ्याची मॅच सोयीची होती, रात्री साडेदहाला सुरू. आई पाचव्या इनिंगला झोपायला गेल्या, गेल्या आणि ग्रँड स्लॅम. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही की त्या उठल्यामुळे हरलो.

मूळ प्रश्नावर माझं मत: काढायला हवा होता. रामिरेझच्या अंगावर बॉल गेला तिथेच कळत होतं की आज हाताला ते नाहीये. थॉमस उजवा, स्कूबल डावा, बुलपेनमध्ये ब्रिस्की उजवा, आणि उजव्या बॅटरला उजवा पिचर जड जातो. अरे हिंच, तीस दिवस तू हेच गणित मांडलंस ना, मग एकतिसाव्या दिवशी भावनेत का वाहून गेलास?

आकडेमोड
१ डिसेंबर २०२४

भावना नाही ओ. त्या बॉलपर्यंत प्लेऑफमध्ये स्कूबलने सतरा इनिंग एकही रन दिली नव्हती, त्या दिवशी पण चार इनिंग शून्य. असा माणूस काढायचा आणि बेस भरलेले असताना थंड हाताने दुसरा आणायचा?

आणि हिंचची एक जुनी जखम आहे. २०१९ ची वर्ल्ड सिरीज, सातवी मॅच, ह्यूस्टनचा मॅनेजर हाच. ग्रिंकी मस्त टाकत होता, ८० बॉल झालेले, एक होमरन आणि एक वॉक (बॉल फोरवर फुकटचा बेस) झाल्यावर काढला. आलेल्या विल हॅरिसला केंड्रिकने फाऊल पोलवर होमरन मारला, वर्ल्ड सिरीज गेली. तेव्हा सगळं गाव म्हणत होतं का काढलास. आता म्हणतंय का ठेवलास.

विटीदांडू_संघटना
१ डिसेंबर २०२४

म्हणजे थोडक्यात कॅप्टनला शिव्या दोन्हीकडून. हे मला पूर्ण कळलं. विटीदांडू मागे घेतो.

पहाटपक्षी_पुणे
१ डिसेंबर २०२४

लोल. आणि फ्लॅहर्टीने शेवटी डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज जिंकल्याची अंगठी मिळवली, तेवढं मीठ राहिलं होतं चोळायचं.

रंकाळा_ते_ईरी
२९ सप्टेंबर २०२५

धागा वर काढतोय, माफ करा, राहवत न्हाई. जुलैमध्ये आमच्यापेक्षा साडेपंधरा मॅचनं पुढं होता की वो तुमी! साडेपंधरा! एवढी आघाडी घालवून डिव्हिजन (लीगमधला आपला गट) हरलेली टीम इतिहासात न्हाई. गोंधळ घालायचा तर असा.

नोव्हीचा_वाघ
२ ऑक्टोबर २०२५

आज तुमच्याच घरात तुम्हालाच बाहेर काढलं वाइल्ड कार्डमध्ये (प्लेऑफची पहिली फेरी). पहिल्या मॅचला स्कूबलचे १४ स्ट्राइकआउट. कालच्या दुसऱ्या मॅचबद्दल बोलायचं नाही. अंबाबाईला विचारून बघ काय झालं, आज दसराच आहे.

रंकाळा_ते_ईरी
२ ऑक्टोबर २०२५

सीमोल्लंघन तुमचं. गप बसतो.

नोव्हीचा_वाघ
११ ऑक्टोबर २०२५

रात्रीचा दीड. सिएटल, परत पाचवी मॅच, परत स्कूबल. सहा इनिंग, १३ स्ट्राइकआउट, त्यातले सात लागोपाठ, एक रन. कारपेंटरच्या होमरनने २-१ पुढे. ९९ बॉल झाले होते.

आणि हिंचने काढला.

सातव्या इनिंगला २-२. मग आठवी, नववी, दहावी, हे काही संपेना, बुलपेनचं दार उघडतंय मिटतंय, गेल्या वर्षी ज्या दाराकडे बघून मी गोंधळाला ये गोंधळाला ये म्हणत होतो त्याच्याकडे बघवत नव्हतं, पंधराव्या इनिंगला पोलांकोने एक साधा सिंगल मारला, ३-२, संपलं. पोरगा सोफ्यावर झोपलाय टायगर्सची टोपी घालून, त्याला उठवून खोलीत न्यायला पाहिजे पण उठला की विचारेल.

गेल्या वर्षी ठेवला, हरलो. ह्या वर्षी काढला, हरलो. आता बोला.

पहाटपक्षी_पुणे
११ ऑक्टोबर २०२५

मागच्या वर्षी मी काढा म्हटलं होतं. शब्द मागे घेतो. इथे शनिवारचे अकरा वाजलेत, आई विचारतायत, तो उंच डावरा पोरगा गेला कुठे, सगळे नवीनच का येतायत.

कँटनची_आई
११ ऑक्टोबर २०२५

आमचा तेरा वर्षांचा अजून जागा आहे. म्हणतोय, ९९ झाले होते ना, मग बरोबर काढला, माझं तर ९५ लाच काढतात आता.

वॉरेनचे_काका
११ ऑक्टोबर २०२५

मॉरिसने ९१ साली मिनेसोटाकडून सातव्या मॅचला दहा इनिंग टाकल्या होत्या. एकट्याने. १-०.

नोव्हीचा_वाघ
११ ऑक्टोबर २०२५

काका, दोन वाजायला आले. झोपा आता.

वॉरेनचे_काका
११ ऑक्टोबर २०२५

झोप कसली येतेय. हायलाइट्स परत लावल्यात. सातवा स्ट्राइकआउट चाललाय.